रडीचा डाव आणि घरमालकाची किल्ली



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास वा शिक्षण यांविषयी ऐकण्याची आपल्याला सवय आहे. तेथे संगणकातील कुलपांविषयी आणि खेळांतील लबाडीविषयी बोलणे शोभेल काय, असे कोणी विचारले तर ते गैर नाही. परंतु हा प्रश्न आता केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. ज्या घरात लिनक्स नावाची मुक्त कार्यप्रणाली वापरणारा एखादा मुलगा वा मुलगी आहे, त्या घरात काही तक्रारी हटकून ऐकू येतात. मित्र खेळतात तो खेळ आपल्या यंत्रावर उघडत नाही. पैसे भरूनही चित्रपट इतरांइतका स्वच्छ दिसत नाही. परीक्षेसाठी सांगितलेली आज्ञावली या यंत्रासाठी निघालेलीच नाही. वडीलधाऱ्यांची समजूत अशी होते की, फुकट मिळालेली वस्तू अशीच असायची. ही समजूत चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे सांगताना संगणक नेमका कोणाचे ऐकतो, या प्रश्नापर्यंत आपल्याला जावे लागेल.

सुरुवात मात्र परदेशी खेळांपासून न करता आपल्या मराठीपासून करतो. कारण मराठी अक्षर संगणकावर आले तेच मुळी कुलूप घेऊन आले.

१९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. भारतीय लिप्यांसाठी तिने जे 'जिस्ट' तंत्र प्रसृत केले, ते आरंभी संगणकात बसवण्याच्या एका कार्डाच्या रूपाने मिळत असे. कार्ड नाही तर देवनागरी नाही, इतका सरळ हिशोब होता. पुढे विंडोजचा जमाना आला आणि सी-डॅकचे 'आयएसएम', पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे 'श्री-लिपी', बंगळूरच्या सायबरस्केपचे 'आकृती' असे संच छापखान्यांत आणि कचेऱ्यांत रूढ झाले. यांतील आयएसएम व श्री-लिपी यांच्याबरोबर एक लहानशी डबी येई. छापखान्यातील मंडळी तिला 'लॉक' म्हणत, कोणी 'डोंगल' म्हणत. प्रिंटरची तार संगणकाला जेथे जोडतात तेथे ही डबी बसवायची आणि तिच्या पाठीवर प्रिंटरची तार लावायची. पुढे यूएसबी आले तेव्हा डबी आणखी आखूड झाली, इतकेच.

तिचे काम समजून घेण्यासारखे आहे. आज्ञावली सुरू होताच ती डबीला एक प्रश्न विचारते. डबीतील चिपमध्ये दडवलेल्या आकड्यांच्या आधारे डबी उत्तर देते. उत्तर जुळले तर काम पुढे चालते. डबी काढून घेतली असेल तर आज्ञावली बंद पडते, किंवा नमुन्यापुरते चार ओळींचे काम करू देते. फ्लॉपीची वा तबकडीची नक्कल कोणीही करू शकतो, डबीची नक्कल मात्र सहजासहजी होत नाही. म्हणून एका डबीवर एका वेळी एकच यंत्र चालणार. यात कंपन्यांचा दुष्टपणा होता असे मला वाटत नाही. एक एक अक्षर रेखाटण्यासाठी, जोडाक्षरे बसवण्यासाठी सुलेखनकारांना महिनोन् महिने खपावे लागे. ज्या बाजारात एक प्रत विकली की दहा नकला फिरत, तेथे त्या परिश्रमांचे मोल वसूल करण्याचा दुसरा मार्ग त्या काळी फारसा उपलब्ध नव्हता. कुलूप नसते तर मराठी अक्षरांचे हे कारखाने बहुधा उभेच राहिले नसते, हे मान्य करायला हवे.

पण कुलपाला दुसरी बाजू होती. डबीशी बोलणारा जो दुवा लागतो, ज्याला तंत्रज्ञ 'ड्रायव्हर' म्हणतात, तो विंडोजसाठी लिहिलेला असे आणि विंडोजच्या अगदी गाभ्यात बसे. लिनक्ससाठी असा संचही नव्हता आणि दुवाही नव्हता. विंडोजच्या आज्ञावली लिनक्सवर चालवण्यासाठी १९९३ पासून 'वाइन' नावाचा एक स्वयंसेवी प्रकल्प चालू आहे. तो विंडोजच्या वरच्या मजल्याचे हुबेहूब सोंग आणतो. पण तळघरात बसणाऱ्या दुव्याचे सोंग आणणे त्याला जमत नाही. त्यामुळे आज्ञावली वर उघडू पाहते, खाली डबीला हाक मारते आणि उत्तर न मिळाल्याने थांबते. त्यात भर अशी की, या संचांतील अक्षरांची संकेतपद्धती प्रत्येकाची निराळी. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले होते, तरी छपाईचे काम पुढे कित्येक वर्षे या खासगी संकेतांतच चालले. दुसऱ्या यंत्रावर ती फाईल उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. म्हणजे मजकूर आपला, लेखक आपला, पैसे मोजून घेतलेला संचही आपला. आणि तरी तो वाचण्याचा अधिकार एका डबीच्या आयुष्याला बांधलेला. एखाद्या छापखान्याच्या कोपऱ्यात केवळ जुन्या फायली उघडण्यासाठी विंडोज ९८ वा एक्सपीचे यंत्र जपून ठेवलेले दिसते, त्याचे कारण हेच. अशा फायली युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या आज्ञावली आता मिळतात. पण रूपांतरात रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे घसरतात, म्हणून मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावे लागते. ज्या संस्थांच्या स्मरणिका व अहवाल अशा फायलींत आहेत, त्यांनी हे काम डबी शाबूत आहे तोवर उरकावे हे बरे.

याच गोष्टीचा उत्तरार्ध आशादायक आहे. २००३ साली सायबरस्केपने आपल्या आकृती संचातील नऊ लिप्यांचे काही टंक मुक्त परवान्याखाली खुले केले. मुंबईतील मुक्त प्रणालीच्या कार्यकर्त्यांनी 'गार्गी' हा युनिकोड टंक सिद्ध केला. रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांनी 'लोहित' टंकमाला वर्षानुवर्षे सांभाळली. सी-डॅकनेही २००५ पासून भारतीय भाषांची साधने तबकड्यांवरून विनामूल्य वाटली. आज लिनक्सवर मराठी लिहिण्यासाठी कोणतीही डबी लागत नाही. कुलूप फोडावे लागले नाही. त्याची गरजच उरली नाही.

आता मूळ तत्त्वाकडे वळू. संगणकाच्या कार्यप्रणालीचे ढोबळमानाने दोन भाग असतात. एक गाभा, ज्याला 'कर्नेल' म्हणतात. स्मृती, तबकडी, पडदा, कळफलक या सर्वांवर त्याची सत्ता असते. दुसरा भाग आपण वापरतो त्या आज्ञावलींचा. त्यांना जे हवे ते गाभ्याकडे मागावे लागते. एखाद्या आज्ञावलीला जाणून घ्यायचे असेल की, माझ्या स्मृतीत दुसरे कोणी डोकावते आहे काय, तर तो प्रश्न तिला गाभ्यालाच विचारावा लागतो. गाभा जे सांगेल ते तिच्यासाठी सत्य.

विंडोजचा गाभा मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात आहे. त्यात नवा दुवा बसवायचा तर सामान्यतः मायक्रोसॉफ्टची सही लागते. लिनक्सचे तसे नाही. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी घोषित केलेला ग्नू प्रकल्प आणि १९९१ साली लिनुस तोरवाल्ड्स यांनी लिहायला घेतलेला गाभा, या दोहोंच्या संयोगातून ही प्रणाली उभी राहिली. तिच्या परवान्याचे मर्मच असे की, मूळ संहिता वाचण्याचा, बदलण्याचा आणि बदललेली पुन्हा बांधून चालवण्याचा अधिकार वापरणाऱ्याला आहे. म्हणजे गाभ्याला खोटे बोलायला शिकवण्याचा अधिकारही त्याला आहे. कुलूप लावणारा ज्या साक्षीदारावर विसंबून असतो, तो साक्षीदारच येथे घरमालकाचा नोकर असतो. याला प्रणालीतील दोष म्हणता येत नाही. ज्या गुणामुळे शाळा, प्रयोगशाळा आणि संशोधक ती वापरतात, तोच गुण कुलूपवाल्याला अडचणीचा ठरतो.

नक्कलबंदीची गोची याहून खोल आहे. गुप्तलेखनात सहसा तीन पक्ष असतात: पाठवणारा, घेणारा आणि मधला चोर. नक्कलबंदीत घेणारा आणि चोर ही एकच व्यक्ती मानलेली असते. चित्रपट गिऱ्हाइकाला दाखवायचा आहे, म्हणजे तो उलगडण्याची किल्ली त्याच्या घरी पाठवलीच पाहिजे. आणि तरी ती त्याला सापडता कामा नये. घराची किल्ली पाहुण्याच्या खिशात ठेवून खिशाचे तोंड शिवून टाकण्यासारखा हा प्रकार आहे. शिवण उसवायला वेळ लागतो, पण ती उसवते.

चित्रपटांच्या डीव्हीडी तबकड्यांवर असेच कुलूप होते. त्याची किल्ली अवघी चाळीस बिटांची होती, आणि ती परवानाधारक उत्पादकांनाच मिळे. लिनक्सवर विकत घेतलेली तबकडी पाहण्याचा अधिकृत मार्ग तेव्हा सामान्य वापरणाऱ्यासाठी नव्हता. १९९९ साली नॉर्वेतील जॉन लेक जोहान्सन या किशोरवयीन मुलाने इतरांच्या साहाय्याने हे कुलूप उघडणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. त्याच्यावर खटला भरला गेला. जानेवारी २००३ मध्ये ओस्लोच्या न्यायालयाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. स्वतः विकत घेतलेली तबकडी स्वतःच्या यंत्रावर पाहणे हा गुन्हा होत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. अमेरिकेत मात्र १९९८ च्या कायद्याने कुलूप चुकवणे हेच मुळात निषिद्ध ठरवले होते, आणि त्या देशातील निवाडे वेगळ्या दिशेने गेले.

आपल्या देशातील कायदा याबाबतीत बराच समंजस आहे, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५-अ हे कलम घातले गेले. तांत्रिक कुलूप चुकवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड त्यात सांगितला आहे. परंतु ते कुलूप हक्कभंगाच्या हेतूने चुकवलेले असले पाहिजे, अशी अट आहे. कायद्याने जे निषिद्ध नाही त्यासाठी, गुप्तलेखनाच्या संशोधनासाठी, किंवा मालकाच्या संमतीने सुरक्षिततेची तपासणी करण्यासाठी केलेल्या कृतीला सूट आहे. शिवाय कलम ५२ मध्ये, दोन आज्ञावली एकमेकींशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक ती माहिती मिळवणे आणि आज्ञावलीचे कार्य अभ्यासणे यांना वाव ठेवला आहे. जुन्या मराठी फायली वाचण्याची साधने करणाऱ्यांनी ही दोन कलमे एकदा मुळातून वाचावीत.

कुलपाच्या हव्यासाने काय होते, याचे एक उदाहरण विनोदी आहे आणि गंभीरही. २००५ साली सोनी बीएमजी या कंपनीच्या काही संगीताच्या तबकड्या विंडोज यंत्रात घातल्या की गाणे ऐकणाऱ्याच्या नकळत एक आज्ञावली गाभ्यात शिरून लपून बसे. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ती शोधून काढली. तिने केलेल्या आडोशाचा फायदा पुढे इतर उपद्रवी आज्ञावलींनी घेतला, आणि कंपनीला तबकड्या परत घ्याव्या लागल्या. लिनक्सच्या यंत्रात मात्र तीच तबकडी निमूटपणे गाणी ऐकवी. पैसे मोजून तबकडी आणणाऱ्याच्या यंत्रात चोर शिरला. जो ती घेण्याऐवजी नक्कल उतरवून घेत होता, तो सुरक्षित राहिला.

आज चित्रपट तबकडीवरून येत नाही, तारेवरून येतो. त्याच्या कुलपाचे एक प्रमुख नाव 'वाइडवाइन'. ही कंपनी २०१० साली गूगलने घेतली. या कुलपाचे दर्जे आहेत. वरच्या दर्जात उलगडण्याचे काम यंत्रातील एका बंदिस्त कप्प्यात होते, जेथे कार्यप्रणालीलाही डोकावता येत नाही. खालच्या दर्जात ते साध्या आज्ञावलीत होते. लिनक्सच्या संगणकावरील न्याहाळकाला साधारणतः खालचा दर्जा मिळतो, आणि अनेक सेवा अशा यंत्राकडे सर्वोत्तम प्रतीचे चित्र पाठवतच नाहीत. म्हणजे पडदा चांगला, तार वेगवान, वर्गणी भरलेली. आणि तरी चित्र मध्यम. मुक्ततेचा पुरस्कार करणाऱ्या फायरफॉक्सच्या मोझिलानेही २०१४ साली, वापरणारे निघून जातील या भीतीने, नाइलाज बोलून दाखवत हे बंद कुलूप स्वीकारले. २०१७ मध्ये जागतिक संकेतमंडळाने या जोडणीला प्रमाण पद्धती म्हणून मान्यता दिली. एक कबूल केले पाहिजे: न्याहाळकाबाहेरच्या निरनिराळ्या उपद्रवी जोडण्यांपेक्षा हे बरे. पण ज्या यंत्रासाठी कुलूपवाला आपले कुलूप बांधून देणार नाही, त्या यंत्राला चित्रपट नाही, ही स्थिती त्याने कायम झाली.

आता खेळ. नक्कलबंदी आणि लबाडीरोधन ही सख्खी भावंडे असली तरी त्यांच्यात एक नैतिक फरक आहे, आणि तो मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतो. नक्कल करणारा कंपनीचे नुकसान करतो. खेळात लबाडी करणारा समोरच्या गड्याचा डाव बिघडवतो. रडीचा डाव कोणालाच आवडत नाही. जाळ्यावरून शेकडो लोक एकत्र खेळत असताना एखाद्याच्या आज्ञावलीने भिंतीपलीकडचा प्रतिस्पर्धी दाखवला, वा नेम आपोआप साधून दिला, तर प्रामाणिक खेळाडू उठून जातात. म्हणून येथे पहारा बसवण्याची मागणी खुद्द खेळणारेच करतात. या मागणीची टिंगल मुक्ततावादी मंडळी कधी कधी करतात. ते मला पटत नाही.

हा पहारा प्रथम साधा होता. वाल्व कंपनीची २००२ पासूनची व्यवस्था वरच्या मजल्यावरच राहते, आणि ती लिनक्सवरही चालते. लबाडी करणारे गाभ्यात शिरू लागले, तसे पहारेकरीही तेथे उतरले. २०२० साली रायट कंपनीने 'व्हॅलोरंट' या खेळासाठी आणलेला 'व्हॅनगार्ड' विंडोज सुरू होतानाच गाभ्यात जागा घेतो. लिनक्सवर तो नाही, आणि त्यामुळे तो खेळही नाही. दुसरीकडे वाल्वने वाइनवर आधारलेली 'प्रोटॉन' ही व्यवस्था ऑगस्ट २०१८ मध्ये दिली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये लिनक्सवर चालणारे 'स्टीम डेक' हे हातात धरण्याचे यंत्र विकायला काढले. त्याआधी, सप्टेंबर २०२१ मध्ये, 'ईझी अँटी-चीट' आणि 'बॅटलआय' या दोन प्रमुख पहारा-व्यवस्थांनी प्रोटॉनसाठी पाठिंबा जाहीर केला होता. तांत्रिक अडथळा त्या दिवशी बराचसा दूर झाला. उरला तो इच्छेचा. कारण प्रत्येक खेळाच्या निर्मात्याने स्वतः होकार द्यावा लागतो. काहींनी दिला, पुष्कळांनी दिला नाही. 'फोर्टनाइट'च्या निर्मात्या एपिकचे प्रमुख टिम स्वीनी यांनी स्टीम डेकबाबत नकार दिला, आणि ईझी अँटी-चीट ही व्यवस्था त्यांच्याच कंपनीची! सप्टेंबर २०२४ मध्ये 'जीटीए ऑनलाइन'ला बॅटलआय जोडले गेले आणि तोवर लिनक्सवर चालणारा तो खेळ बंद झाला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला 'एपेक्स लेजंड्स'च्या निर्मात्यांनी, लिनक्सच्या वाटेने लबाडी शिरते आणि तिथला पहारा दुबळा आहे असे सांगून, दिलेला होकार काढून घेतला.

त्यांचे म्हणणे निराधार नाही. लिनक्सवरचा पहारेकरी वरच्या मजल्यावर उभा असतो, आणि तळघर घरमालकाच्या हाती असते. तेथे पहारेकऱ्याला तळघरात नेऊन बसवले तरी घरमालक तळघरच नव्याने बांधू शकतो. शिवाय गाभ्यातील बंद आज्ञावलीला लिनक्सचे कर्ते संशयाने पाहतात. अशी आज्ञावली बसली की गाभा स्वतःला 'दूषित' अशी खूण लावून घेतो, आणि त्यातील बिघाडाची जबाबदारी सहसा कोणी घेत नाही. ही सोवळ्याची भाषा अनाठायी नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-आज्ञावलीची एक सदोष फाईल विंडोजच्या गाभ्यात पोचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रे एकदम कोलमडली. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास घ्यावे लागले. ती लबाडीरोधक आज्ञावली नव्हती. पण राहत होती त्याच तळघरात.

येथे कोणी विचारील, मग भ्रमणध्वनीवर हे सारे कसे चालते? प्रश्न अगदी बरोबर आहे. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच आहे, आणि आपल्या गल्लीतील मुले त्यावर खेळतातही, बँकेचे व्यवहारही त्यावर होतात. उत्तर असे की, तेथे संहिता खुली असली तरी यंत्र बंद आहे. यंत्र सुरू होताना प्रत्येक थर पुढच्या थराची सही तपासतो, आणि ही तपासणी निर्मळ झाली की नाही याचा दाखला एका चिपच्या साक्षीने गूगलच्या द्वारे आज्ञावलीला मिळतो. मालकाने गाभा बदलला तर दाखला मिळत नाही. बँकेची आज्ञावली उघडत नाही. संगणकावरही हे शक्य आहे. २०२१ च्या विंडोज ११ ने असा चिप अनिवार्यच केला, आणि लिनक्सही त्याचा उपयोग करू शकते. पण मग बदलण्याचे स्वातंत्र्य कागदावर राहते. ते वापरले की दारे मिटतात. परवान्याचा हा पेच ओळखूनच स्टॉलमन यांच्या संस्थेने २९ जून २००७ रोजी परवान्याची तिसरी आवृत्ती काढली आणि घरगुती वापराच्या यंत्रांबाबत, बदललेली संहिता चालू देण्याची अट तीत घातली. लिनक्सचा गाभा मात्र तोरवाल्ड्स यांच्या मताप्रमाणे दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला. या वादात मी स्टॉलमन यांच्या बाजूला झुकतो. पण ज्यांना बँकेचे काम रोज करायचे आहे त्यांना त्याचा उपयोग नाही, हेही जाणून आहे.

तेव्हा दुसरी वाट कोणती? १९९९ च्या डिसेंबरात जॉन कार्मॅक यांनी 'क्वेक' या गाजलेल्या खेळाची संहिता मुक्त परवान्याखाली खुली केली. काही दिवसांतच बदललेल्या प्रतींनी लबाडीचा सुळसुळाट केला. खुलेपणाला विरोध करणाऱ्यांना आयतेच कोलीत मिळाले. एरिक रेमंड यांनी तेव्हा त्यावर एक निबंध लिहून दाखवून दिले की, दोष खुलेपणात नव्हता, रचनेत होता. वेग साधावा म्हणून मध्यवर्ती संगणक प्रत्येक खेळाडूच्या यंत्राला अशी माहिती पाठवी की जी त्या क्षणी त्याला दिसायलाच नको. ती लपवण्याची जबाबदारी त्याच्याच यंत्रावर टाकलेली. पत्त्यांच्या डावात सर्वांची पाने प्रत्येकाच्या हाती देऊन 'बघू नका' म्हणण्यासारखे ते होते.

बुद्धिबळात हे अधिक स्पष्ट होते, कारण तेथे पट दोघांनाही पूर्ण दिसतो. 'लीचेस' हे २०१० पासूनचे संकेतस्थळ सर्वस्वी मुक्त संहितेचे आहे. कोणत्याही कार्यप्रणालीवरून खेळता येते, घरात कोणी पहारेकरी पाठवत नाही. आणि लबाडी ओळखणाऱ्या त्यांच्या काही आज्ञावलींची संहितादेखील खुली आहे. तेथे खेळी तपासल्या जातात, यंत्र नव्हे. प्रत्येक खेळी संगणकाच्या उत्तम खेळीशी किती जुळते, अवघड आणि सोप्या खेळीला सारखाच वेळ लागतो काय, कौशल्य एकाएकी कसे वाढले, यांवरून संशय बांधला जातो आणि शेवटी माणूस निर्णय देतो. होळकर संघाच्या क्रिकेटचा अभिमान बाळगणाऱ्या या शहरात मला एवढेच म्हणायचे आहे की, पंच मैदानावर उभा असतो. तो फलंदाजाच्या घरी जाऊन त्याचे कपाट तपासत नाही. अर्थात वेगवान नेमबाजीच्या खेळात, जेथे क्षणाच्या शतांशात निर्णय होतो, तेथे एवढ्याने भागत नाही. नेम साधून देणारी आज्ञावली माणसासारखी थरथर मुद्दाम आणू शकते. ते क्षेत्र अजून सुटलेले नाही.

शेवटी आपल्या अंगणातला प्रश्न, परीक्षेचा. संगणकावरील परीक्षेत विद्यार्थ्याने दुसरी खिडकी उघडू नये म्हणून यंत्र जखडून ठेवणारे न्याहाळक वापरतात. झुरिकच्या तंत्रविद्यापीठाचे 'सेफ एक्झाम ब्राउझर' त्यांपैकी नामांकित. त्याची संहिता खुली आहे, पण ते विंडोज आणि ॲपलच्या यंत्रांसाठी आहे, लिनक्ससाठी नाही. कारण आपण पाहिले तेच. ज्या विद्यार्थ्याचे घरचे यंत्र लिनक्सचे आहे, तो घरून परीक्षा देऊ पाहील तर अडतो. हा अन्याय लहान दिसतो. पण ज्यांनी जुने यंत्र दुरुस्त करून त्यावर विनामूल्य प्रणाली बसवली, ती मुले बहुधा सधन घरची नसतात.

आणि पहारा नेमका कोठे हवा, याचा धडा इंदूरइतका कोणाला मिळाला असेल? जुलै २०१३ मध्ये याच शहरातील पोलिसांच्या कारवाईने व्यापमचे प्रकरण उघडकीस आले. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते केंद्रीय तपास यंत्रणेकडे सोपवले. तोतया परीक्षार्थी त्यात होतेच, पण मंडळाच्या स्वतःच्या संगणकांतील नोंदी बदलल्याचे आरोपही होते. परीक्षार्थीच्या यंत्रावर कितीही कडक पहारा ठेवला असता तरी त्या दुसऱ्या वाटेला धक्का लागला नसता. जून २०२४ मध्ये अमलात आलेला सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्धचा केंद्रीय कायदा म्हणूनच परीक्षा घेणाऱ्यांच्या आणि सेवा पुरवणाऱ्यांच्या संगणकांतील ढवळाढवळीवर बोट ठेवतो. परीक्षार्थीचे गैरवर्तन तो संबंधित मंडळाच्या नियमांवर सोपवतो.

शाळांसाठी एक उदाहरण देशातच आहे. केरळच्या सरकारी आणि अनुदानित शाळांत संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर चालते. राज्याची 'काइट' ही संस्था लिनक्सची आपली आवृत्ती स्वतः बांधते, आणि दहावीची संगणकाची प्रात्यक्षिक परीक्षाही तीवरच होते. यंत्र शाळेचे, गाभा राज्याने बांधलेला, परीक्षेची आज्ञावलीही राज्याचीच. तेथे परीक्षेपुरता घरमालक शाळाच असते, त्यामुळे तळघराची किल्ली परक्याच्या हाती देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. परीक्षा संपली की तेच यंत्र दुसऱ्या दिवशी मुलांना उघडून, खोलून शिकण्यासाठी मोकळे होते. तसेच करण्यास आपल्या शाळेला एक वेगळी लेखणी-आकाराची यूएसबी काडी, तीवर परीक्षेपुरती बांधलेली प्रणाली आणि ती बांधू शकणारे दोन-तीन माजी विद्यार्थी लागतील. त्यांपैकी काही जण या सभागृहात बसलेले असावेत.